न कापता आंबा ओळखण्याची गोष्ट

मे महिना आला की मला आमच्या डिचोलीकडच्या जुन्या घराचा माळा आठवतो. माळ्यावर पेंढ्याचा जाड थर, त्यावर आंबे आणि आंब्यांवर पुन्हा पेंढा. अढी घातली की तिचा ताबा आजीकडे. दिवेलागणीनंतर ती हातात कंदील घेऊन शिडीने वर जाई आणि पदरात सात-आठ आंबे घेऊन खाली येई. ते सगळे त्याच दिवशी खाण्याजोगे असत. उद्याचे उद्यासाठी वरच राहत. कंदील घ्यायचा तो शिडीच्या पायऱ्या दिसाव्यात म्हणून. आंब्याची निवड मात्र नाकाने आणि अंगठ्याने व्हायची.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. एका दुपारी घरची माणसे निजलेली पाहून मी गुपचूप माळ्यावर चढलो. पिवळा दिसला तो आंबा उचलला आणि खाली आणून आदोळीवर कापला. आत पांढरट आणि आंबटढाण. परत वर जाऊन दुसरा आणला, तोही तसाच. तिसराही तसाच. तोवर आजी उठून मागे उभी राहिली होती. मला वाटले, आता पाठीत बसणार. पण ती तीन कापलेल्या आंब्यांकडे पाहत एवढेच म्हणाली, "कापल्यार कळटा रे, पूण मागीर आंबो खंय उरता?"

आजीला जाऊन बरीच वर्षे झाली. माळाही आता राहिला नाही. मी कलाशाखेचा पदवीधर आणि सरकारी कचेरीतला कारकून. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून एक डझन आंबे आणले, आणि आजीचा तो प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला. आंबे दिसायला देखणे होते, साल एकसारखी पिवळीधम्मक. घरी कापला तर आत चव नाही, वास नाही, कोयीजवळ आंबट. एक कापला, दोन कापले आणि शेवटी हट्टाने बाराही कापले. रंग दाखवून विकलेला तो कोवळा माल होता. ज्याने विकला त्यालाही आत काय आहे हे ठाऊक असेल असे मला वाटत नाही. त्यानेही रंगच पाहून घेतला असणार.

तेव्हापासून कचेरी सुटल्यावर हाती लागेल ते वाचत गेलो. आजीने विचारलेल्या प्रश्नाला दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे असे त्यातून कळले. न कापता आतले कसे कळावे, या एका प्रश्नामागे खगोलशास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी, अंड्यांचे परीक्षक आणि शेतकी अभियंते एकामागून एक लागले होते. तोच इतिहास आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी जुन्या परीक्षांचे पाहू. आपल्याकडे आंबा काढायचा केव्हा याच्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. फळाचे खांदे भरून देठाच्या वर आले पाहिजेत. झाडाला पाड लागला पाहिजे, म्हणजे एखाद-दुसरे फळ आपोआप पिकून खाली आले पाहिजे. काही लोक आंबा पाण्यात टाकून पाहतात. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. यामागे साधे कारण आहे. फळ भरत जाते तसा त्यात पिष्टांश साठतो आणि ते आकाराच्या मानाने जड होते. या सगळ्या परीक्षांत आंबा शाबूत राहतो, पण त्यांचा निर्णय ढोबळ असतो.

पाश्चात्य देशांत फळांचा व्यापार मोठा झाला, तसे ढोबळ निर्णयावर भागेना. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मॅग्नेस आणि टेलर यांनी १९२५ साली फळाचा टणकपणा मोजणारे एक उपकरण प्रसिद्ध केले. त्याची बोथट टोकाची सळई साल काढलेल्या फळात दाबायची आणि किती जोर लागला तो आकडा वाचायचा. गोडी मोजण्यासाठी रसाचा थेंब काचेवर घेऊन त्यातून प्रकाश किती वाकतो ते पाहायचे. सफरचंदाची फोड आयोडिनमध्ये बुडवली की जिथे पिष्ट शिल्लक असेल तिथे ती निळी-काळी होते. परीक्षा सगळ्या चोख, पण प्रत्येकीत फळाचा बळी ठरलेला. हजार फळांतली दहा कापली तर कळते ते त्या दहांबद्दल, आणि ती दहा आता विकायला उरलेली नसतात. राहिलेल्या नऊशे नव्वदांबद्दल आपण केवळ अंदाज करतो. एकाच झाडाची, एकाच फांदीची दोन फळेही सारखी नसतात हे आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे. आजीचा प्रश्न नेमका हाच होता.

उत्तराची सुरुवात मात्र फळांपासून फार दूर झाली. विल्यम हर्शेल हा मूळचा संगीतकार, पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून इंग्लंडमध्ये नावाजला. १८०० साली तो सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग वेगळे करून प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत वर चढला. डोळ्याला न दिसणारा प्रकाशही असतो, हे तेव्हा प्रथम कळले. त्यालाच आज आपण अवरक्त प्रकाश म्हणतो.

पुढे १८८१ साली अ‍ॅबनी आणि फेस्टिंग या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी या अदृश्य प्रकाशाची छायाचित्रे घेतली. निरनिराळ्या द्रवांतून तो प्रकाश पार जाऊ दिला, तर प्रत्येक द्रव त्यातला ठराविक भाग गिळून टाकतो आणि छायाचित्रावर त्या जागी काळ्या रेघा उमटतात. या रेघांचा द्रवाच्या रेणूतल्या हायड्रोजनाशी संबंध असावा, असे त्यांना दिसले. याचा अर्थ असा, की पदार्थ काय आहे हे त्याला हात न लावता, त्याने कोणता प्रकाश गिळला एवढ्यावरून सांगता येईल.

हे कसे होते ते समजायला मला संगीताचाच आधार घ्यावा लागला. गोव्याच्या वाचकाला तानपुऱ्याबद्दल वेगळे सांगायला नको. षड्जाची तार छेडली की चांगल्या कानाला त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, मूळ स्वराच्याच पोटातून निघालेला असतो. पाणी, साखर, पिष्ट यांच्या रेणूंतही हायड्रोजन धरून ठेवणारे बंध तारेसारखे सतत थरथरत असतात. त्यांचा मूळ स्वर मधल्या अवरक्त पट्ट्यात लागतो. पण दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या जवळच्या पट्ट्यात त्यांचे अगदी क्षीण उपस्वर उमटतात. मूळ स्वराच्या पट्ट्यातला प्रकाश फळाच्या सालीतच गिळला जातो, गरापर्यंत पोहोचतच नाही. उपस्वर क्षीण असल्यामुळे जवळच्या पट्ट्यातला प्रकाश आत शिरतो, हिंडतो आणि थोडा बाहेरही येतो. क्षीण असणे इथे उपयोगी पडते.

रसायनशास्त्रज्ञांनी मात्र कितीतरी वर्षे या पट्ट्याकडे दुर्लक्ष केले. सगळे उपस्वर एकमेकांत मिसळलेले, कुणाचा कोणता हे वेगळे काढता येईना. बाजारात शंभर माणसे एकदम बोलत असावीत तसा तो प्रकार. त्या गलक्यातून अर्थ काढला तो एका शेतकी अभियंत्याने, आणि तोही अंड्यांच्या निमित्ताने.

त्याचे नाव कार्ल नॉरिस. जन्म १९२१ चा. अमेरिकेच्या कृषी खात्याचे बेल्ट्सव्हिल येथे मोठे संशोधन केंद्र आहे, तिथे तो १९५० च्या आसपास कामाला लागला. सरकारी नोकरच तो, म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्त आपुलकी वाटते हे कबूल करतो. अंडे उजेडासमोर धरून आतला दोष पाहण्याची रीत फार जुनी. पूर्वी मेणबत्ती वापरत, पुढे विजेचा दिवा आला. पण पाहणारा माणूसच. दिवसभर हजारो अंडी पाहून त्याचे डोळे थकत आणि आत रक्ताचा ठिपका असलेली अंडी नजरेतून सुटत. रक्त काही ठराविक रंगांचा प्रकाश गिळते. तेव्हा तेवढाच प्रकाश यंत्राने मोजला तर माणसाच्या डोळ्यावर अवलंबून राहावे लागणार नाही, असा विचार पुढे आला. पांढऱ्या कवचाच्या अंड्यातले रक्त असे शोधण्याची पद्धत नॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली.

अंड्यावरून पुढची पायरी फळाची. १९५८ साली जेराल्ड बर्थ आणि नॉरिस यांनी फळाची पक्वता त्याला धक्का न लावता, आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून मोजणारे उपकरण मांडले. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. फळाचा गर म्हणजे काच नव्हे. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुके उतरले की गाडीच्या दिव्यांचा उजेड कसा सगळीकडे पसरतो आणि समोरचे काहीच दिसत नाही, तसा प्रकाश गरात शिरला की पेशीपेशीवर आपटून चहूकडे विखुरतो. पलीकडे पोहोचतो तो त्याचा अगदी अल्प अंश. शिवाय फळ मोठे असेल तर प्रकाश कमी येतो, लहान असेल तर जास्त. मग कमी प्रकाश आला तो फळ हिरवे म्हणून, की नुसते मोठे म्हणून?

यावर त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. एकाऐवजी दोन रंगांचा प्रकाश सोडायचा. एक असा, जो हरितद्रव्य गिळते. दुसरा त्याच्या जवळचाच, पण हरितद्रव्य ज्याला स्पर्श करत नाही असा. फळ मोठे असेल तर दोन्ही सारखेच कमी होतील. हिरवे असेल तर पहिलाच कमी होईल. दोघांतला फरक मोजला की आकाराचा प्रश्न बाजूला पडतो आणि उरतो तो कच्चे-पिकेपणा. हरितद्रव्य तांबड्या प्रकाशातला ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा भाग जोरात गिळते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. फळ पिकू लागले की हरितद्रव्य घटते, आणि सालीच्या रंगात डोळ्याला फरक दिसण्याच्या आधीच यंत्राला तो कळू शकतो. पन्नास वर्षांनंतर इटलीत बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पीचसाठी हातात धरण्याजोगे मापक तयार केले, त्याच्या मुळाशीही हीच दोन रंगांतल्या फरकाची कल्पना आहे.

याच पद्धतीने बर्थ यांनी १९६४ साली सफरचंदातला एक आतला दोष शोधून दाखवला. त्या दोषात गरातल्या हवेच्या बारीक जागा रसाने भरतात. कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढा भाग उजेडासमोर धरल्यास चमकतो, तसेच ते. दोष असलेल्या सफरचंदातून प्रकाश अधिक जातो. वरून फळ निर्दोष दिसते, पण प्रकाश आतले सांगून जातो.

आणि मौज अशी, की अंडी-फळांसाठी जमवलेल्या या कौशल्यातून वनस्पतिशास्त्रातला एक फार मोठा शोध लागला. रोपाला दिवस-रात्रीची जाणीव करून देणारे एक रंगद्रव्य असावे असा शास्त्रज्ञांचा कयास होता, पण ते कुणी पाहिले नव्हते. १९५९ साली बेल्ट्सव्हिल येथेच बटलर, नॉरिस, सीगलमन आणि हेन्ड्रिक्स यांनी ते प्रकाश मोजूनच पकडले. त्याला फायटोक्रोम म्हणतात. बाजारच्या गरजेतून निघालेले काम असे कधी कधी ज्ञानाच्या मुळापर्यंत जाऊन पोहोचते.

हरितद्रव्य कळले, पण गोडी? तिला रंग नाही. तिथे पुन्हा त्या मिसळलेल्या उपस्वरांकडे यावे लागले. नॉरिसने एकेक स्वर वेगळा काढण्याचा नाद सोडला. पुष्कळ नमुने घेतले, प्रत्येकाचा प्रकाश अनेक ठिकाणी मोजला, त्याच नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण करून आतले खरे प्रमाण काढले आणि गणिताने दोन्हींची सांगड घातली. १९६० च्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धान्यातला ओलावा आणि मांसातली चरबी अशा रीतीने मोजून दाखवली. पुढे संगणक हाताशी आले आणि पद्धतीला वेग आला. कॅनडाच्या धान्य आयोगाने गव्हातले प्रथिन मोजण्यासाठी १९७५ साली ती स्वीकारली. जिथे आम्लात शिजवून तासन्‌तास वाट पाहावी लागे, तिथे काम मिनिटांवर आले. नॉरिस २०१९ साली वारला, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन. या शास्त्राचा जनक म्हणून त्याला जगभर मान मिळाला.

धान्य दळता येते, फळ दळून कसे चालेल? ती अडचण जपानमध्ये सुटली. तिथे फळ ही भेट देण्याची वस्तू, आणि एकेका फळाच्या गोडीला किंमत. पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक पीचची गोडी प्रकाशाने मोजून प्रतवारी करणारी यंत्रे तिथे १९८९ च्या सुमारास सुरू झाली, पाठोपाठ संत्र्यांसाठीही आली. त्सुकुबा येथील राष्ट्रीय अन्न संशोधन संस्थेतले सुमिओ कावानो यांनी १९९२ साली पीचवरचे आपले काम प्रसिद्ध केले. त्यांनी प्रकाशतंतूंचा उपयोग केला. एका ठिकाणाहून प्रकाश फळात सोडायचा आणि आत थोडा प्रवास करून शेजारच्या जागेतून बाहेर पडेल तो टिपायचा. त्यामुळे सालीवरून नुसता परतलेला उजेड गाळला जातो आणि गरातून आलेलाच हाती लागतो. दहांतले एक नव्हे, प्रत्येक फळ तपासले जाऊ लागले आणि तपासलेले प्रत्येक फळ विकायलाही शिल्लक राहू लागले.

आता आपल्या आंब्याकडे येऊ. आंब्याचे एक वैशिष्ट्य आहे. तो झाडावरून काढल्यावरही पिकतो. काढताना त्यात साखर थोडी आणि पिष्ट पुष्कळ असते, अढीत त्या पिष्टाची साखर होते. म्हणजे आंबा किती गोड होणार हे काढण्याच्या दिवशीच बहुतांशी ठरून गेलेले असते. पाणी वजा जाता जो ऐवज उरतो, त्याला शुष्कांश म्हणतात. तो जितका अधिक, तितका आंबा पिकल्यावर चवदार. हिरव्या आंब्याची गोडी मोजण्यात अर्थ नाही, त्याचा शुष्कांश मोजण्यात आहे. थायलंडमधल्या संशोधकांनी कावानो यांच्यासह २००४ साली हेच दाखवले. काढणीच्या वेळी आंब्यातला शुष्कांश आणि पिष्ट प्रकाशाने मोजून, तो पिकल्यावर कसा लागेल हे आधीच सांगता येते. ऑस्ट्रेलियात १९९७ पासून आंब्यावर असे काम प्रसिद्ध होत आले आहे, आणि आज तिथले बागायतदार हातात मावणारे यंत्र झाडावरच्या फळाला लावून काढणीचा दिवस ठरवतात.

आपल्या देशातही हे झाले नाही असे नाही. लुधियान्याच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली अख्ख्या आंब्याची गोडी प्रकाशाने ओळखण्यावर निबंध प्रसिद्ध केले. त्याआधी १९९३ साली भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हापूसमधला साका क्ष-किरणांनी न कापता शोधून दाखवला होता. साका म्हणजे काय हे हापूस खाणाऱ्याला सांगायला नको. वरून फळ राजबिंडे, आत गर पांढरट आणि फोफसा. क्ष-किरण हाही प्रकाशाचाच भाऊबंद.

हे वाचताना माझ्या त्या बारा आंब्यांचा उलगडा झाला. हंगामाच्या सुरुवातीला मानकुरादाचा डझनाचा भाव हजारांत बोलला जातो, म्हणून पाडाची वाट न पाहता आंबे उतरवले जातात. आमच्या घरची झाडेही आता पावणीत जातात. पावणी घेणाऱ्याचे पैसे गुंतलेले असतात, त्याला धीर धरवत नाही. मग कोवळे आंबे कार्बाईड घालून पिवळे करतात. कार्बाईडने फळ पिकवण्याला आपल्या कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, ते शरीराला घातक. इथिलीन वायू दशलक्षात शंभर भागांपर्यंत वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली मुभा दिली आहे, आणि तो फळ स्वतःही तयार करत असते. पण वायू कोणताही असो, तो रंग आणतो आणि आत जे पिष्ट आहे त्याची साखर होऊ देतो. जे पिष्ट झाडावर साठलेच नाही, ते तो कुठून आणणार? रंग बाहेरून आणता येतो, गोडी आणता येत नाही. डोळा फसतो तो इथे. शुष्कांश मोजणारा प्रकाश या रंगाला भुलत नाही.

इथे मला आपल्या मानकुरादाच्या नावाची गंमत सांगावीशी वाटते. पोर्तुगीज 'मालकोरादा' या शब्दावरून ते आले असे मानतात. अर्थ काय, तर रंग नीट न चढलेला! मुसराद, फेर्नांदीन, हिलारियो अशी पोर्तुगीज वळणाची नावे मिरवणाऱ्या आंब्यांच्या पंगतीत याला मिळाले ते हिणवणारे नाव. रंगावरून नाव ठेवणाऱ्यांनी त्याला नापास केले आणि जिभेने त्याला गोव्याच्या आंब्यांचा राजा केले. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. रंगावर जाऊ नये, हा धडा आपल्या आंब्याच्या नावातच लिहिलेला आहे. आजीही हेच सांगायची, "रंगाक भुलूं नाका. देंठाकडेन हुंगून पळय."

मग असे यंत्र आणून मानकुरादाला लावले की झाले? मलाही प्रथम असेच वाटले होते. पण तसे होत नाही, आणि या लेखात मला जे मुख्य सांगायचे आहे ते इथेच आहे.

यंत्राला गोडी दिसत नाही, शुष्कांशही दिसत नाही. त्याला दिसतो तो प्रकाशाचा चढउतार. त्याचा अर्थ त्याला आधी शिकवावा लागतो. शिकवायचे कसे? शेकडो आंबे घ्यायचे, प्रत्येकाचा प्रकाश मोजायचा आणि मग तेच आंबे कापून, वाळवून, रस काढून खरा आकडा लिहायचा. या जोड्यांवरून गणित बसते. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर यंत्राचे उत्तर म्हणजे नक्कल. नकलेवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा तर मूळ दस्त कुठेतरी असावा लागतो. इथे मूळ दस्त म्हणजे कापलेला आंबा. न कापता ओळखण्याच्या विद्येमागे असे हजारो कापलेले आंबे असतात.

शिवाय एका जातीच्या आंब्यावर शिकलेले यंत्र दुसऱ्या जातीला चुकते. एका हंगामावर शिकलेले पुढच्या हंगामात डळमळते, म्हणून त्याला नव्या फळांची भर घालत राहावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या आंब्यावर शिकलेल्या यंत्राला मानकुराद ठाऊक नाही. त्यातही मानकुराद एकच एक नाही. झाडागणिक फळात फरक, आणि जाणकाराला चवीवरून तो सांगता येतो. हे शिकवणे बाहेरचे कुणी येऊन करणार नाही. जुन्या गोव्यात एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, बागायतदार आहेत, जाणती माणसे अजून आहेत. काम इथेच व्हायला हवे.

आणि हे लिहिताना आजीचे कौशल्य मला निराळे दिसू लागले. तिच्या नाकाला आणि अंगठ्याला जे कळायचे, ते काही जन्मतः आलेले नव्हते. तिनेही साठ-पासष्ट हंगाम आंबे हुंगले, दाबले, कापले, खाल्ले. कापलेल्या प्रत्येक आंब्याने तिला पुढचा आंबा न कापता ओळखायला शिकवले. नॉरिसने गणिताने केले तेच तिने जन्मभर केले. फरक एवढाच, की नॉरिसचे आकडे कागदावर आहेत आणि आजीचे तिच्याबरोबर गेले. आम्ही कुणी विचारले नाही. एवढी माणसे घरात होती, मी तर सगळे आयुष्य नोंदवह्या भरण्यात घालवले, पण ही नोंद करावी असे सुचले नाही. त्या दुपारी मी कापलेले तीन आंबेही फुकट गेले, ते मी काही शिकलो नाही म्हणून.

गेल्या हंगामापासून मी एक साधी वही घातली आहे. पावणीतून वगळलेल्या एका झाडाचे आंबे मीच झेल्याने काढतो. काढल्याची तारीख, खांदे भरले होते का, पाण्यात बुडाला का, अढीत किती दिवस, देठाशी वास कधी आला, आणि शेवटी कापल्यावर कसा निघाला. शेजारचे एक वयस्क काका देठ हुंगून आधी निकाल सांगतात, तोही लिहितो. गेल्या वर्षी त्यांचे बहुतेक निकाल बरोबर आले. चुकले तेही लिहून ठेवले आहेत, कारण शिकायला तेच जास्त उपयोगी. हे शास्त्र नव्हे, माझा तसा दावाही नाही. पण उद्या कुणी प्रकाशाचे यंत्र घेऊन मानकुरादाकडे आला, तर त्याला निदान विचारायला एक वही असेल.

तुमच्या घरी अढीचा ताबा असलेली कुणी आजी, आई, मामी अजून असेल तर तिला या मे महिन्यात विचारा. ती आंबा उचलताना नेमके काय पाहते, काय हुंगते, अंगठा कुठे लावते. आणि ती सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा.